टायटन अरम घरी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायटन अरमबद्दल मला येणारे बहुतेक प्रश्न फुलापासून सुरू होतात आणि माझी उत्तरं फिरून फिरून कंदापाशी येतात. कारण हे झाड म्हणजे खरं तर मातीखालचा कंद. वरचं पान त्याच्यासाठी राबतं, आणि फुलोरा आला की वर्षानुवर्षांची साठवण चार दिवसांत खर्ची पडते. खालची उत्तरं वाचताना हे डोक्यात ठेवलंत तर पाणी, माती, कुंडी यांबद्दल मी असं का सांगतोय ते लगेच लक्षात येईल.

हे नेमकं कोणतं झाड?

शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस टायटॅनम. अळू, अँथुरियम, मॉन्स्टेरा ज्या ॲरेसी कुळात येतात त्याच कुळातलं. सुरण तर याचा अगदी जवळचा भाऊबंद, दोघांचा वंशही (जीनस) एकच, अमॉर्फोफॅलस. निसर्गात हे फक्त इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या पावसाळी जंगलांत सापडतं, बऱ्याचदा चुनखडीच्या डोंगरउतारांवर. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ साली पश्चिम सुमात्रात ते पाहिलं आणि त्याच्या बिया इटलीला पाठवल्या. त्यातून उगवलेलं एक रोप लंडनच्या क्यू उद्यानात पोचलं आणि १८८९ साली फुललं. लागवडीतला हा पहिला फुलोरा. बी मिळाल्यापासून फुलापर्यंत अकरा वर्षं गेली. आज आपल्याकडे साधनं कितीतरी चांगली आहेत, तरी वाट साधारण तेवढीच पाहावी लागते.

जगातलं सर्वांत मोठं फूल ते हेच ना?

नाही. एकट्या फुलाचा मान रॅफ्लेशिया आर्नोल्डीचा. तेही सुमात्रातच उगवतं, त्यालाही कुजक्या मांसाचा वास येतो, म्हणून गल्लत होते. टायटन अरमचं जे ‘फूल’ आपण फोटोत पाहतो तो शेकडो बारीक फुलांचा फुलोरा असतो. मधला उंच दांडा म्हणजे स्थूलकणिश, आणि त्याला वेढणारा तो मोठा झालरदार पडदा म्हणजे महाछद. खरी फुलं दांड्याच्या तळाशी, पडद्याच्या आत दडलेली असतात. शाखा नसलेला जगातला सर्वांत मोठा फुलोरा मात्र याचाच. उंची तीन मीटरच्या पुढे गेल्याच्याही नोंदी आहेत.

घरी वाढवता येतं का?

पहिली काही वर्षं नक्की येतं, आणि ती वर्षं फार आनंदाची असतात. पण शेवटाचा विचार आधी करा. पूर्ण वाढलेल्या कंदाचं एकच पान सहा मीटर उंच आणि पाच मीटर रुंद होऊ शकतं. एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये मोसंब्याएवढ्या कंदापासून सुरुवात केली होती. सात वर्षांनी, २०१० साली, त्याचं वजन १५३.९ किलो भरलं. घरचा कंद इतका होत नाही, पण उंच छताची उबदार जागा किंवा काचघर नसेल तर एक दिवस झाड कोणत्या तरी बागेला द्यावं लागेल, याची मनाशी तयारी ठेवा.

बी घ्यावं, रोप घ्यावं की कंद?

पान असलेलं छोटं रोप सर्वांत उत्तम. देठ पाहून ओळख पटते. टायटॅनमच्या हिरव्या देठावर फिकट, गोलसर डाग असतात, जणू जुन्या झाडाच्या खोडावर दगडफूल चढलंय. बोट फिरवलं तर देठ गुळगुळीत लागतो, पण हातभरावरून पाहिलं तर डोळ्यांना खोडच वाटतं.

कोरडा कंद विकत घेताना मात्र सावध राहा. ‘प्रेतफूल’ हे नाव टायटॅनमला लावतात तसंच त्याच्या चुलत्याला, कोंजॅकलाही लावतात, आणि कोंजॅक हा टायटॅनम म्हणून सर्रास खपवला जातो. माझी पहिली खरेदी अशीच फसली. दीड वर्ष जपलेल्या कुंडीतून गुलाबीसर, गडद डागांचा देठ वर आला आणि कुंडी रिकामी केल्यावर मोठ्या कंदाच्या भोवती पाच-सहा पिल्लं निघाली. टायटॅनमचा कंद अशी पिल्लं सहसा देत नाही. कोंजॅक भरभरून देतो. कोंजॅकही देखणं झाड आहे, मी ते अजून सांभाळतो, पण दीड वर्ष गेलं ते गेलंच.

बी कसं रुजवायचं?

ताजं असेल तरच घ्या. ही बी वाळवून बरणीत ठेवण्यातली नाही, सुकली की मेली. गर पूर्ण धुऊन काढा, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. ओलसर कोकोपीट आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) निम्मं निम्मं घेऊन त्यात बी जेमतेम झाकेल इतकी खोल ठेवा. २५ ते ३० अंश सेल्सियस ऊब हवी. काही आठवड्यांत रुजते, कधी काही महिनेही घेते. मधेमधे उकरून पाहू नका. पहिलं पान छोट्या छत्रीसारखं येतं, पण त्याच्या खाली कंद तयार व्हायला लागलेला असतो.

माती कशी हवी?

हवा खेळणारी. पाणी ओतल्यावर ते काही सेकंदांत खालून बाहेर पडलं पाहिजे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी माती हाताला ओलसर लागली पाहिजे. मी सालीचे तुकडे, जाडसर पर्लाइट किंवा प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे खडे), कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत असं मिश्रण करतो. त्यात निम्म्याहून जास्त भाग जाड, भरड मालाचा असतो. नुसती बागेतली माती कुंडीत दाबून भरली की दोन-तीन महिन्यांत ती गच्च बसते, आणि कंदाला श्वास घेता येत नाही.

कुंडी केवढी आणि कंद किती खोल?

इथे बहुतेकांची चूक होते. सुरुवातीला माझीही झाली. आपल्याला वाटतं मुळं खालून फुटणार, म्हणून आपण कंद कुंडीच्या वरच्या भागात बसवतो आणि खाली भरपूर माती ठेवतो. पण या झाडाची मुळं कंदाच्या वरच्या बाजूने, कोंबाच्या भोवतीने फुटतात आणि आडवी पसरतात. कंदाच्या वर माती कमी असली तर मुळं उघडी पडतात, सुकतात, आणि इतकं उंच पान नुसत्या देठावर डुगडुगत राहतं. म्हणून कंद खोल बसवा. त्याच्या उंचीइतका मातीचा थर त्याच्या वर हवा. कुंडीची रुंदी कंदाच्या किमान अडीच-तीन पट ठेवा. खूपच मोठी कुंडीही नको, कारण मुळं न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते.

ऊन किती?

रोपांना गाळीव उजेड, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन किंवा जाळीखालची सावली. मोठी झाडं जास्त ऊन सोसतात. जंगलातही ती बरेचदा मोकळ्या फटीत, झाडं पडून उजेड आलेल्या जागी वाढलेली दिसतात. दुपारच्या कडक उन्हात पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे छोटे भाग, कडेने भाजतात, आणि भाजलेला भाग परत हिरवा होत नाही.

तापमान आणि दमटपणा?

रात्रीसुद्धा १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. २२ ते ३२ अंश ही याची आवडती पट्टी. हवेत दमटपणा ६० टक्क्यांच्या पुढे असावा. याची खरी गरज पान उलगडताना असते. गुंडाळलेल्या पर्णिका कोरड्या हवेत चिकटून बसल्या तर पान वाकडंतिकडं उघडतं, आणि हे झाड एका वेळी बहुधा एकच पान देतं. त्या आठवड्यात कुंडी हलवू नका, कोंबाला हात लावू नका, वारा लागू देऊ नका.

पाणी कधी घालायचं?

पान पूर्ण उघडलेलं असताना हे झाड बऱ्यापैकी तहानलेलं असतं. वरची बोटभर माती कोरडी लागली की भरपूर पाणी घाला, जास्तीचं निथळू द्या आणि थाळीतलं ओतून टाका. कोंब अजून मातीतून वर येतोय, मुळं नवीन आहेत, तेव्हा बेतानं. पान पिवळं पडायला लागलं की दर वेळी थोडं थोडं कमी करत जा. पाण्याचं वेळापत्रक वारांवर ठरवू नका. बोट मातीत घाला आणि ते काय सांगतं ते ऐका.

खत?

पान उघडल्यापासून ते पिवळं पडेपर्यंत नियमित द्या. ही त्याची कमाईची वेळ. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असलेलं कोणतंही संतुलित विद्राव्य खत अर्ध्या ताकदीने आठवड्या-दोन आठवड्यांनी चालतं. पालाश जरा जास्त असलं तर कंद भरायला मदत होते. झोपलेल्या कंदाला खत देऊ नका.

पान पिवळं पडून कोसळलं. झाड मेलं का?

बहुधा नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोकांची काळजी मला कळते, कारण कुंडीत वर काहीच उरत नाही. टायटन अरमचं पान काही महिने ते दीड वर्ष टिकतं आणि मग कंद सुप्तावस्थेत जातो. छोट्या रोपांची झोप लहान असते. कधी कधी जुनं पान मावळायच्या आतच नवा कोंब दिसतो. मोठे कंद तीन ते सहा महिने, क्वचित जास्तही झोपतात.

नैसर्गिक मावळणं आणि आजार यात फरक आहे. मावळताना पिवळेपणा पर्णिकांच्या टोकांपासून सुरू होतो, आठवड्यांमागून आठवडे देठाकडे सरकतो, आणि देठ शेवटपर्यंत तळाशी घट्ट असतो. पान घाईने कापू नका. त्यातला उरलासुरला रस कंदात परत जात असतो. देठ आपोआप आडवा झाला आणि हलकं ओढल्यावर सुटून आला की काढा. हिरवंगार पान दोन-तीन दिवसांत लोळलं, देठ तळाशी मऊ लागला, तर मात्र थांबू नका, पुढचा प्रश्न वाचा.

झोपलेल्या कंदाची निगा म्हणजे जवळजवळ काहीच न करणं, आणि तेच सर्वांत अवघड. माती हाडासारखी कोरडी ठेवायची नाही, कारण कोंजॅकसारखा हा कंद महिनोन्महिने उघड्यावर कोरडा राहू शकत नाही, सुरकुततो. पण ओलीही नको. मी महिन्यातून एक-दोनदा कडेकडेने थोडंसं पाणी देतो, माती किंचित दमट राहील इतकंच. माझा लिंबाएवढा एक कंद मी याच काळात घालवला. पान गेल्याचं मनाला लागलं होतं, म्हणून रोज संध्याकाळी कपभर पाणी घालत राहिलो. तीन आठवड्यांनी कुंडीजवळ गेलो तर आंबूस वास आला. माती उपसली, आणि जिथे कंद होता तिथे बोटांत नुसता चिखल आणि सालीचा पातळ पापुद्रा आला.

कंद कुजायला लागलाय हे कसं ओळखायचं? वाचतो का?

वास हा पहिला इशारा. दुसरा, कोंबाभोवतीची माती दाबल्यावर कंद घट्ट न लागणं. शंका आली तर लगेच बाहेर काढा, पाण्याने धुवा आणि अंगठ्याने सगळीकडून दाबून पाहा. मऊ भाग निर्जंतुक केलेल्या धारदार सुरीने कापा, आणि आतला गर सगळीकडे स्वच्छ फिकट दिसेपर्यंत कापत राहा. तपकिरी ठिपका राहिला तर कूज तिथूनच परत पसरते. जखमेला गंधकाची पूड किंवा बुरशीनाशक लावून सावलीत, हवेशीर जागी काही दिवस सुकू द्या. वर पातळ कोरडी खपली धरली की नव्या मिश्रणात लावा. वरचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, शाबूत असेल तर अर्धा कंद गेला तरी झाड परत उभं राहतं.

कुंडी कधी बदलायची?

फक्त झोपेत. पान मावळल्यावर काही आठवडे थांबून, नवा कोंब हलायच्या आत. त्याच वेळी कंदाचं वजन करून लिहून ठेवा. वर्षभराच्या निगेचा खरा ताळेबंद तोच. कंद गेल्या वेळेपेक्षा हलका भरला तर पानाला उजेड, खत किंवा वेळ कमी पडला असं समजा. पान असताना कुंडी बदलली तर मुळं तुटतात, आणि तुटलेल्या मुळांच्या जागीच कूज शिरते.

कीड लागते का?

पिठ्या ढेकूण, लाल कोळी आणि फुलकिडे येतात, विशेषतः बंद जागेत. पर्णिकांच्या खालची बाजू आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली तर बरंच टळतं. मातीतले सूत्रकृमी जास्त घातक. मुळांवर गाठी दिसल्या तर ती माती परत वापरू नका.

कोंब आलाय. पान आहे की फुलोरा?

सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, टोकदार, आवरणांत गुंडाळलेले. काही आठवड्यांत फरक कळतो. पानाचा कोंब सरळ, निमुळता वाढतो. फुलोऱ्याचा तळाशी फुगतो, थोडा एका अंगाला भरलेला वाटतो, आणि आवरणं गळून पडली की आतून महाछदाची झालर डोकावते. कंद अजून नारळाएवढाच असेल तर आशा धरू नका, ते पानच. फुलायला कंद साधारण १५-२० किलोंचा तरी व्हावा लागतो, आणि बीपासून तिथवर सात ते दहा वर्षं जातात.

फुलतं तेव्हा काय काय होतं?

आधी दिवसाला दहा सेंटिमीटरपर्यंत उंची वाढते. मग वाढ मंदावते, तेव्हा समजायचं की दोन-चार दिवस राहिले. महाछद बहुधा दुपार कलल्यावर उघडू लागतो. आतून गडद, जांभळट लाल. रात्री मधला दांडा स्वतःहून तापतो, ३६-३७ अंशांपर्यंत, आणि ती ऊब वास दूरवर पोचवते. त्या वासात गंधकाची संयुगं असतात, डायमिथाइल ट्रायसल्फाइड त्यातलं मुख्य. कुजलेल्या मांसातूनही हेच संयुग सुटतं. मेलेल्या प्राण्यावर अंडी घालणाऱ्या माश्या आणि भुंगेरे त्याने फसून आत येतात. वास सतत सारखा नसतो, लाटेलाटेने येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरतो. दोन-तीन दिवसांत सगळं मिटून खाली बसतं.

घरच्या फुलोऱ्यात बी धरेल का?

एकट्या झाडावर सहसा नाही. पहिल्या रात्री मादी फुलं तयार असतात, नर फुलांचे पराग दुसऱ्या रात्री सुटतात. तोवर मादी फुलांची वेळ गेलेली असते. म्हणून दुसऱ्या झाडाचे पराग हाताशी लागतात. बागा ते गोठवून साठवतात आणि एकमेकींना पाठवतात. नातं नसलेल्या झाडाचे पराग मिळवणं महत्त्वाचं आहे, कारण लागवडीतली पुष्कळ झाडं आपसांत सख्खी आहेत.

फुलल्यावर झाड मरतं का?

नाही. कंद हलका होतो, विश्रांती घेतो आणि पुढच्या वेळी बहुधा पान देतो. फळं धरली तर ताण मोठा असतो. त्या वर्षी पाणी-खतात हयगय नको. पुन्हा फुलणं दोन-तीन वर्षांत होऊ शकतं, किंवा याच्या तिप्पट काळ लागू शकतो.

विषारी आहे का?

सगळ्या भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. रस लागला की खाज आणि आग होते, तोंडात गेला तर जास्तच. कंद कापताना हातमोजे घाला. लहान मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवा.

जंगलातून आणलेला कंद मिळतोय, घेऊ का?

घेऊ नका. २०१८ पासून हे झाड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे आणि निसर्गात प्रौढ झाडं हजाराहून कमी उरल्याचा अंदाज आहे. जंगल तुटतंय, शिवाय कंद उपसले जातायत. बियांपासून किंवा ऊतीसंवर्धनातून वाढवलेलं रोपच घ्या, आणि विक्रेत्याला मूळ कुठलं ते स्पष्ट विचारा. उत्तर देताना कुणी चाचरलं तर परत फिरा.

पान मोडलं. आता?

कंद शाबूत असेल तर तो पुन्हा कोंब काढेल, पण त्या हंगामाची कमाई बुडाली, कंद जरा लहान होईल. मोडलेलं पान मात्र फेकू नका. ताज्या पर्णिकेचा, शिरेसकटचा तुकडा घ्या, कापलेली कड थोडी सुकू द्या आणि ओलसर पर्लाइटमध्ये खोचून झाकणाच्या डब्यात उबेला ठेवा. बरेच तुकडे काळे पडतात. गेल्या वर्षी खिडकीच्या झडपेने माझ्या रोपाचं पान मोडलं, तेव्हा मी नऊ तुकडे लावले होते. सात गेले. आठवा पाच महिन्यांनी पिवळा पडला म्हणून उचलला, तर त्याच्या कापलेल्या कडेला पावट्याएवढा, चकचकीत, फिकट गुलाबी टोकाचा कंद धरलेला होता. नववा मी अजून उचललेला नाही.